टाकीवरच्या आणि हेल्मेटवरच्या रेडियमची कड पुन्हा पुन्हा का उचलते?

दुचाकीच्या टाकीवर लावलेले रेडियम आठवड्याभरात कडेने उचलू लागते, अंगठ्याने दाबले की बसते, दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात उभी राहिली की पुन्हा उठते, आणि शेवटी त्या कडेखाली धूळ शिरून ती कायमची निकामी होते. ही तक्रार घेऊन येणारा जवळपास प्रत्येक माणूस "गोंद हलका होता" असेच म्हणतो. रेडियमचे काम करणारे आमच्यातले बरेच जणही हेच निदान मान्य करून जास्त चिकट, महागडा रोल आणतात, आणि त्याच टाकीवर त्याच जागी तोच दोष पुन्हा पाहतात. (कापून लावायच्या सगळ्याच रंगीत व्हिनाइलला, म्हणजे मागे गोंद असलेल्या पातळ प्लास्टिक फिल्मला, आपल्याकडे रेडियम म्हणतात, या लेखात तो शब्द त्याच रूढ अर्थाने वापरला आहे.) इतक्या वर्षांच्या कामानंतर माझे मत असे झाले आहे की वळणदार पृष्ठभागावरच्या बहुतेक तक्रारींत गोंद निर्दोष असतो, दोष त्या ताणाचा असतो, जो आपण लावताना फिल्ममध्ये कोंडून ठेवतो. म्हणून गोंद बदलण्याआधी तो ताण आला कुठून, हे शोधावे.

सुरुवात उचललेल्या कडेपासूनच करावी. ती नखाने अजून थोडी वर करून उजेडात खालून पाहिली, तर निम्मे निदान तिथेच होते. फिल्मच्या पाठीवर गोंदाचा थर अखंड आणि चकचकीत आहे, टाकीचा रंग मात्र अगदी कोरडा आहे, असे दिसले तर गोंदाने पृष्ठभाग कधी नीट धरलाच नव्हता. तिथे मेण, सिलिकॉनचे पॉलिश, ओल किंवा थंडी यांचा शोध घ्यावा. फटीमध्ये गोंदाच्या बारीक तारा ताणलेल्या दिसल्या, तर गोंद अजून दोन्ही बाजू धरून आहे आणि फिल्मच त्याला ओढते आहे. टाकीवर फिल्मच्या बाहेर चारही बाजूंनी अर्ध्या-एक मिलिमीटरची काळपट चिकट रेघ दिसत असेल, तर फिल्म आकसली आहे आणि तिने मागे सोडलेल्या गोंदावर धूळ बसली आहे. झाकणाभोवतीचा गोंद चिखलासारखा मऊ झाला असेल, तर तिथे पेट्रोल सांडत असते, आणि त्यावर ती जागा मोकळी सोडण्यापलीकडे खात्रीचा उपाय नाही.

दोष कधी दिसला, हेही तितकेच बोलके असते. लावल्यापासून तासाभरात कड सुटली, तर पृष्ठभाग अस्वच्छ किंवा थंड होता. रात्रीतून सुटली, तर फिल्म त्या वळणासाठी फार ताठ आहे. पहिल्या कडक उन्हानंतर सुटली, तर ती ताणून लावली होती. काही महिन्यांनी सगळीकडून सारखीच मागे सरकली, तर मालच आकसणाऱ्या जातीचा आहे. ग्राहकाला मी पहिला प्रश्न "केव्हा उचलले?" हाच विचारतो, कारण "कुठल्या कंपनीचा रोल?" या प्रश्नाच्या उत्तरातून इतके काही कळत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका फुगीर, थेंबाच्या आकाराच्या टाकीवर पसरलेल्या पंखांचा गरुड लावायचा होता. पंखांची टोके टाकीच्या पुढच्या गोलाईवर येत होती आणि तिथे चुण्या पडत होत्या. मी हीट गनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, फिल्म मऊ केली, टोक धरून ओढले, चुणी नाहीशी झाली आणि काम सुबक दिसले. तिसऱ्या दिवशी ग्राहक परत आला, तेव्हा दोन्ही पंखांची टोके सुमारे ३ मिलिमीटर वर उभी होती आणि त्यांच्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोंदाच्या तारा दिसत होत्या. त्याच गरुडाचे छातीपासून शेपटीपर्यंतचे सगळे अंग, त्याच रोलमधले आणि त्याच गोंदाचे, टाकीला घट्ट धरून होते. सुटली होती फक्त ती जागा, जिथे मी ओढले होते.

यामागचे कारण भूमितीत आहे, आणि ते ओळखायला वर्तमानपत्राचा एक कागद पुरतो. कागद जवळपास ताणला जात नाही. ज्या जागी रेडियम लावायचे आहे तिथे तो कागद हाताने बसवून पाहावा. एकही चुणी न पडता तो बसला, तर वळण एकाच दिशेचे आहे: बाटली, पाइप किंवा शॉकॲब्झॉर्बरचा नळा याच प्रकारात येतो. कडेला चुण्या पडल्या, तर वळण दोन्ही दिशांना एकाच बाजूला झुकलेले आहे, म्हणजे हेल्मेटसारखे. आणि मधोमध फुगा राहिला, किंवा तो बसवताना कड फाटू पाहू लागली, तर वळण खोगिरासारखे आहे: एका दिशेने वर, दुसऱ्या दिशेने खाली. गुडघे टेकवण्यासाठी टाकीला जिथे खोलगट आकार दिलेला असतो, तिथे हा प्रकार हमखास सापडतो.

कार्ल फ्रीडरिश गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयात या कागदाच्या वागण्याचे मूळ आहे. पृष्ठभाग न ताणता आणि न दाबता नुसता वाकवला, तर त्याचे एक विशिष्ट वक्रतामूल्य, म्हणजे दोन परस्पर काटकोनी मुख्य दिशांमधल्या वक्रतांचा गुणाकार, बदलत नाही. सपाट फिल्मचे हे मूल्य शून्य आहे. नळकांड्याला एका दिशेने मुळीच वळण नसल्यामुळे त्याचेही शून्यच आहे, म्हणून फिल्म त्यावर नुसती वाकून बसते. गोलाचे मात्र शून्य नाही, आणि त्यामुळे फिल्मने कुठेतरी ताणले, दाबले किंवा दुमडले गेल्याशिवाय ती गोलावर बसूच शकत नाही. उपड्या वाटीवर पोळी पसरली की मध्यभागी ती बिनतक्रार बसते आणि कडेला चुण्या पडतात, तेही याच कारणाने. गोंद कितीही उत्तम असला, तरी हा हिशेब त्याला बदलता येत नाही.

हिशेब किती मोठा असतो, ते हेल्मेटवर मोजून पाहू. हेल्मेटचा वरचा भाग साधारण १२५ मिलिमीटर त्रिज्येच्या गोलासारखा असतो असे धरू. त्यावर १०० मिलिमीटर व्यासाचे गोल स्टिकर लावायचे आहे. सपाट असताना त्याचा परीघ ३१४ मिलिमीटर आहे. हेल्मेटवर मध्यापासून तितक्याच अंतरावर जे वर्तुळ पडते, त्याचा परीघ मात्र ३०६ मिलिमीटरच भरतो. म्हणजे कडेला सुमारे ८ मिलिमीटर फिल्म जास्तीची आहे आणि तिला जायला जागा नाही. ती चुण्यांमध्ये जाते, किंवा आपण ओढून-दाबून तिला लपवतो आणि ती पुढे सवडीने वर येते. आता स्टिकरचा व्यास निम्मा करून ५० मिलिमीटर केला, तर जास्तीची फिल्म जेमतेम १ मिलिमीटर उरते. आकार निम्मा केल्यावर अडचण निम्मी होत नाही, ती आठव्या भागावर येते. माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे, कारण हिच्यासाठी एक पैसाही जास्त खर्च होत नाही. मोठे चित्र दोन-तीन तुकड्यांत विभागून, तुकड्यांच्या मधे रंगाची रेघ मोकळी सोडून लावले, तर प्रत्येक तुकडा आपापल्या जागी जवळपास ताणाशिवाय बसतो. शाळेतला पृथ्वीगोलही पूर्वापार अशाच निमुळत्या, होडीच्या आकाराच्या पट्ट्या चिकटवून तयार होत आला आहे. १५०७ मध्ये वाल्डझेम्युलर या जर्मन नकाशाकाराने छापलेल्या पृथ्वीगोलाच्या नकाशात अशा १२ पट्ट्या होत्या.

चित्र विभागता येत नसेल, तर कडेकडून आत लहान पाचरीच्या आकाराच्या चिरा द्याव्यात. शिंपी ब्लाउजला टक्स घेतो तो याचसाठी: सपाट कापडातून फुगीर आकार काढायचा, तर जास्तीचे कापड कुठेतरी काढून घ्यावेच लागते. चिरेचे आतले टोक अणकुचीदार ठेवू नये, तिथूनच फिल्म पुढे फाटते. टोकाला बारीक गोल भोक पडेल असे प्लॉटरच्या, म्हणजे फिल्म कापणाऱ्या यंत्राच्या, फाइलमध्येच आखावे. खोगिरासारख्या जागी उलट अडचण असते. तिथे कडेला फिल्म अपुरी पडते, म्हणून चीर दिली की ती आपोआप उघडते आणि मधे टाकीचा रंग दिसतो. चित्र तयार करतानाच तिथे मोकळी जागा ठेवणे हा त्यावरचा प्रामाणिक उपाय आहे. खोलगट जागेवरून फिल्म ताणून नेली, तर ती आज बसल्यासारखी दिसते आणि उद्या तंबूसारखी तळापासून सुटून उभी राहते.

एकाच दिशेच्या वळणावरही कड उचलते, पण तिथले कारण वेगळे असते: फिल्मचा ताठपणा. फिल्मला वाकवायला लागणारा जोर तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. त्याच मालाची फिल्म ५० ऐवजी १०० मायक्रॉनची घेतली, तर तिचा सरळ होण्याचा आग्रह दुप्पट न वाढता आठपट वाढतो. वळणाची त्रिज्या निम्मी केली, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरमध्ये साठलेली ऊर्जा चौपट होते. डिजिटल प्रिंट काढून त्यावर लॅमिनेशन चढवलेले स्टिकर सपाट दारावर वर्षानुवर्षे टिकते आणि मडगार्डच्या अरुंद कडेवर एक रात्रही टिकत नाही, याचे कारण हेच. लॅमिनेशनमुळे जाडी जवळपास दुप्पट झालेली असते, गोंद मात्र तेवढाच असतो. वळणावर जाणाऱ्या कामासाठी लॅमिनेशन टाळावे, किंवा फिल्म आणि लॅमिनेशन दोन्ही पातळ, कास्ट प्रकारचे (हा प्रकार पुढे सांगितला आहे) घ्यावे. रेझिन ओतून केलेले फुगीर स्टिकर तर मुख्यतः सपाट जागेसाठी असतात.

घरगुती व्यवसायातल्या लहान बाटल्यांची अडचणही याच वर्गातली आहे. २० मिलिमीटर व्यासाच्या तेलाच्या बाटलीवर लावलेल्या लेबलाची उभी कड सुटून झेंड्यासारखी उभी राहते. बाटलीचा परीघ सुमारे ६३ मिलिमीटर असतो. लेबल ६८ मिलिमीटर लांब घेऊन शेवटची ५ मिलिमीटर कड लेबलावरच चिकटवली, तर बहुतेक वेळा प्रश्न मिटतो, कारण कागदी लेबलाच्या दर्शनी बाजूवर तो गोंद तेलकट काचेपेक्षा चांगला धरतो. कागद घेतला असेल, तर त्याच्या तंतूंची दिशा बाटलीच्या उंचीला समांतर ठेवून छापून घ्यावे. कागद तंतूंच्या आडव्या दिशेने सहज वळतो. निमुळत्या पेल्यावर आयताकृती लेबल तिरके जाते, पण तो दोष ताणाचा नाही. शंकूचा पृष्ठभाग सपाट उलगडता येतो, फक्त लेबल कमानीच्या आकारात कापावे लागते.

आता गोंदाविषयी, कारण दोष त्याचा नसला तरी त्याचा स्वभाव कळल्याशिवाय उपाय नीट होत नाही. दाबाने चिकटणारा हा गोंद पूर्ण घन नसतो आणि पूर्ण द्रवही नसतो. चिक्कीचा गार होत आलेला पाक झटक्यात ओढला तर तुटतो आणि सावकाश ओढला तर लांबत जातो, तसाच हा वागतो. रेडियम हाताने झटकन सोलू गेले तर फार जोर लागतो आणि आपल्याला वाटते की पकड उत्तम आहे. पण आत कोंडलेला ताण सोलत नाही, तो रात्रंदिवस हळूहळू ओढत राहतो, आणि सावकाश ओढीपुढे हाच गोंद कितीतरी कमी जोरात हार मानतो. ऊन त्याला आणखी मऊ करते. म्हणूनच कड पहिल्या उन्हात सुटते, आणि म्हणूनच हाताने ओढून केलेली परीक्षा वळणावरच्या कामाला लागू पडत नाही. उलट टोकाला थंडी आहे. थ्रीएम कंपनीत काम केलेल्या कार्ल डाह्लक्विस्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकषानुसार, असा गोंद सुमारे ३ लाख पास्कलपेक्षा मऊ असेल तरच तो हलक्या दाबाने पृष्ठभागाच्या बारीक खाचांत उतरतो. थंडीत तो याहून कडक होतो. डिसेंबरच्या पहाटे नाशिकला उघड्यावर ठेवलेल्या गाडीच्या टाकीवर काम करू नये. टाकी आधी सावलीत, हाताला कोमट लागेपर्यंत येऊ द्यावी.

फिल्मची जातही पाहावी लागते. कॅलेंडर्ड व्हिनाइल तापलेल्या रुळांमधून दाबत आणि ओढत तयार होते, त्यामुळे ती ओढ तिच्या अंगात राहते आणि उन्हात ती रोलच्या लांबीच्या दिशेने जास्त आकसते. कास्ट व्हिनाइल पातळ द्रवाच्या रूपात पसरून भट्टीत सुकवतात. त्यात अशी जुनी ओढ फारशी नसते आणि ते बहुधा ५० मायक्रॉनच्या आसपास असते. सपाट दारासाठी कॅलेंडर्ड पुरते, टाकीच्या गोलाईसाठी कास्टच घ्यावे. भावात फरक मोठा आहे आणि ग्राहकाला तो आधी समजावून सांगावा लागतो, पण वळणावर स्वस्त रोल लावून देणे मला पटत नाही.

टाकीचे काम मी आता असे करतो. टाकी आधी साबणाच्या पाण्याने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो. थिनर वापरत नाही, तो रंग मऊ करतो. पुसल्यावर त्यावर थोडे पाणी शिंपडून पाहतो: पाणी सलग पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे, थेंब गोळा झाले तर मेण किंवा सिलिकॉन शिल्लक आहे आणि पुन्हा पुसायचे आहे. चित्राचे सगळे टोकदार कोपरे २-३ मिलिमीटरने गोल केलेले असतात, कारण ताण टोकाशी गोळा होतो आणि सुटण्याची सुरुवात तिथूनच होते. सपाट दारासाठी वापरतो ते साबणपाणी गोलाईवर वापरत नाही, फिल्म कोरडीच लावतो. मध्यापासून बाहेर, फेल्ट लावलेल्या स्क्विजीने (फिल्म दाबून बसवायच्या पट्टीने), एकावर एक चढणारे लहान हात मारत जातो, म्हणजे जास्तीची फिल्म एकाच चुणीत न साठता सगळ्या कडेवर वाटली जाते. चुणी पडली तर ती दाबून बसवत नाही. फिल्म चुणीच्या बऱ्याच मागेपर्यंत उचलतो, तिच्यावर हलकी उष्णता फिरवून तिला आपोआप सरळ होऊ देतो आणि मग पुन्हा बसवतो.

शेवटी येते ती पायरी जी घाईत नेहमी सुटते. जिथे फिल्म नाइलाजाने थोडी ताणली गेली आहे, तिथे ती पूर्ण बसल्यावर हीट गनने सुमारे ९० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी. नेमका आकडा रोलच्या माहितीपत्रकात असतो. तापमान अंदाजाने न ठरवता इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहावे. मऊ करण्यासाठी दिलेली आधीची ऊब वेगळी आणि ही उष्णता वेगळी. या तापमानाला व्हिनाइलच्या अंगातली परत फिरण्याची ओढ बरीचशी विरते आणि नवा आकार हाच त्याचा आकार होतो. माझ्या त्या गरुडाच्या पंखांना ही उष्णता मिळालीच नव्हती. टाकी मात्र यासाठी गाडीवरून काढून, रिकामी करून, हवेशीर जागी ठेवलेली असली पाहिजे. पेट्रोलने भरलेल्या किंवा नुकत्याच रिकाम्या केलेल्या, आत वाफ असलेल्या टाकीवर हीट गन कदापि धरू नये. ते जमत नसेल तर ताण द्यायचाच नाही, तुकडे लहान करायचे.

हेल्मेटवर तर हीट गन मुळीच वापरू नये. कवचाखालचा थर्माकोलचा थर उष्णतेने आकसतो आणि अपघाताच्या वेळी डोके वाचवणारा थर तोच असतो. थिनर आणि पेट्रोल यांमुळे प्लास्टिकचे कवच बाहेरून न दिसता ठिसूळ होऊ शकते, म्हणून सौम्य साबण आणि पाण्याशिवाय काहीही लावू नये, आणि हेल्मेटच्या उत्पादकाने स्टिकर लावू नयेत असे लिहिले असेल तर ते पाळावे. ताण घालवण्याची पायरी तिथे उपलब्ध नसल्यामुळे हेल्मेटवरचे स्टिकर आधीच लहान असले पाहिजे; वरचा ५० मिलिमीटरचा हिशेब मी तिथे मर्यादा म्हणूनच पाळतो.

एक वेगळा दोष यात गल्लत करतो. लावताना एकही फुगा नव्हता आणि चार दिवसांनी मधोमध बारीक फुगे आले, तर तो ताण नाही आणि अडकलेली हवाही नाही. टाकी नुकतीच रंगवलेली असते आणि रंगातला द्रावक अजून बाहेर पडत असतो. फुगे सुईने टोचून उपयोग होत नाही, ते पुन्हा भरतात. रंग पूर्ण सुकू द्यावा, आणि किती दिवस थांबायचे ते रंगाऱ्यालाच विचारावे.

ज्यांची कड आज उचललेली आहे, त्यांनी तिच्याखाली झटपट सुकणारा गोंद भरू नये. तो कडक होऊन तडकतो आणि काढताना टाकीचा रंग घेऊन येतो. उचललेल्या भागाच्या थोडे आत, जिथे पकड शाबूत आहे तिथे कापायचे असते, पण पात्याने टाकीवर कापले तर रंगावर ओरखडा राहतो. म्हणून आधी तो भाग ओला न करता हळूच वर घ्यावा, खाली बॅकिंग पेपरचा (रेडियमच्या गोंदावरून सोलून काढतो त्या गुळगुळीत कागदाचा) तुकडा सरकवावा आणि त्यावर गोलाकार कापावे. सगळेच काढायचे असेल, तर ज्या स्वभावामुळे ते सुटत होते त्याचाच उपयोग करावा: फिल्म कोमट करून, टाकीलगत मागे दुमडून, सावकाश ओढत जावे. घाई केली की गोंद टाकीवर राहतो. राहिलाच तर निलगिरीच्या तेलाने पुसून काढावा, आणि नवे रेडियम लावण्याआधी त्या तेलाचा अंश अल्कोहोलने दोनदा पुसावा. नवे लावल्यावर गोंदाला पूर्ण पकड घ्यायला एक ते तीन दिवस लागतात. तेवढे दिवस गाडी धुऊ नये आणि पहिले दोन दिवस ती सावलीत उभी करावी.